एवढा एकच घास

गेल्या महिन्यात विजापूर रोडवरच्या एका कार्यालयात लग्न होतं, लांबच्या नात्यातलं, गेलंच पाहिजे असं काही नव्हतं पण गेले. बुफे होता, तरी म्हाताऱ्या माणसांसाठी कडेला टेबलं मांडली होती, तिथे आईला बसवलं आणि मीही शेजारी बसले. समोर एक आजी, मांडीवर दीडेक वर्षाचा नातू, हातात वरणभाताची वाटी. पोराने चार घास नीट खाल्ले, पाचव्याला मान फिरवली. आजीने घास गालाला लावून बघितला, ओठाला लावून बघितला, ती बघ नवरी, ते बघ बँडवाले, सगळं झालं, पोर काही दाद देईना. मग आजीने अगदी सहज, गप्पा मारता मारता, डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याचं नाक धरलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि घास आत. टेबलावर सगळे हसले. कुणीतरी म्हणालंच, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही बघा. पोर रडलं असतं तर मी घरी येईपर्यंत विसरलेही असते, पण ते रडलं नाही. त्याने घास गिळला आणि आजीचा डावा हात नुसता हलला तेव्हा, नाकापर्यंत पोचायच्या आधीच, स्वतःहून आ केला.

ते डोक्यातून जाईना.

आजी दुष्ट वगैरे अजिबात नव्हती हां. तिचं स्वतःचं ताट शेजारी तसंच झाकून ठेवलेलं, पुरी गार होऊन चामट झालेली, नातवाचं पोट भरल्याशिवाय तिला घास उतरत नव्हता. वाटी रिकामी झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी लहानपणापासून बघत आलेय, आमच्याकडे त्याच समाधानावर घरं चालतात. सोलापुरात कुणाचाही फोन आला तरी पहिला प्रश्न जेवलास का, नि पोर लहान असेल तर खायलाय का नीट. तब्येत कशीये हे नंतर. आणि खायलाय का हा प्रश्न वरवर पोराबद्दल असतो, पण उत्तर देताना आईचा आवाज बघा कसा बदलतो, शाळेत बाईंनी उभं केल्यावर व्हायचा तसा.

माझं लहानपण कन्ना चौकाच्या पलीकडच्या एका बोळात गेलं. दोन्ही बाजूला पॉवरलूम, दिवसरात्र खटकखटक, इतकी सवय की रात्री लाइट जाऊन लूम थांबले की आम्हाला जाग यायची. आमच्या घरात एक बोंडलं होतं, आईच्या माहेरून आलेलं, चांदीचं, चोच जराशी चेपलेली. आजी पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची, पोराला नडग्यांवर उताणं झोपवायची, डोकं तिच्या पावलांच्या बेचक्यात, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरलेले आणि दुसऱ्या हाताने बोंडल्याची चोच तोंडाच्या कोपऱ्यातून आत. पोर ओरडायचं, ओरडतानाच घशात दूध जायचं, गुळगुळ असा आवाज यायचा आणि मग गप. आम्ही भावंडं सगळी त्यातून गेलोय आणि जिवंत आहोत हा आमच्या घरातला कायमचा युक्तिवाद. एखादं पोर ठसकून निळं पडायचं तेव्हा टाळूवर फुंकर मारायची, पाठ थोपटायची आणि उरलेलं बोंडलं संपवायचं. असं रडताना ओतलेलं दूध श्वासनलिकेतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो हे तेव्हा त्या बोळात कोण सांगणार. नाकात तेलाचे, तुपाचे थेंब सोडायचे तेही तसंच.

हे सगळं मला कदाचित आठवलंही नसतं, पण धाकट्या बहिणीचं गेल्या वर्षभरातलं चाललेलं बघितल्यापासून माझी नजर लग्नातसुद्धा आधी चमच्याकडेच जाते.

धाकटी जुळे सोलापूरला राहते. तिचा मुलगा, आम्ही बबड्या म्हणतो, दिवस भरायच्या बराच आधी झाला, सातव्या महिन्यात. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला भूक असते पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टींचा मेळ बसायला पोटातले साधारण 34 आठवडे तरी व्हावे लागतात, त्यामुळे तोवर नाकातून पोटात नळी. ती नळी हलू नये म्हणून गालावर चिकटपट्टी. पट्टी बदलायची म्हणजे कागदासारखी पातळ कातडी ओढली जायची. घशातला कफ काढायला वेगळी नळी. धाकटी काचेतून बघायची आणि बाहेर येऊन मला सांगायची की त्याच्या चेहऱ्याजवळ हात नेला की तो आक्रसतो. वाचला, घरी आला, पेढे वाटले. त्याच्या तोंडाने आणि गालांनी तोवर काय काय शिकून ठेवलंय याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं, पोर हाताला लागलं हेच खूप.

वरचं अन्न सुरू करायची वेळ आली तेव्हा उष्टावण झोकात झालं. मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, फोटोत बबड्याचं तोंड वाकडं आलंय, आम्ही त्यावर लई हसलो. मग मऊ भात, नाचणीचं सत्त्व, भाकरी दुधात कुस्करून, मुगाचं पाणी. चमचा दिसला की मान वळवायचा. थोडी गुठळी जिभेला लागली की उमासा यायचा, मग भीतीने धाकटी सगळं मिक्सरला लावायला लागली, वर्षाचा झाला तरी सगळं पातळच. आणि मग तो वेढा सुरू झाला. वेढाच म्हणते मी त्याला. सकाळचा नाश्ता दहाला सुरू व्हायचा आणि साडेअकराला संपायचा, तोवर जेवणाची तयारी. मोबाईलवर गाणी लावायची, तो बघण्यात गुंतला की चमचा सारायचा. मोबाईलला सरावला मग टीव्ही. मग गच्चीवर नेऊन कावळे. मे महिन्यात, आपल्याकडचा मे, दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही अशा उन्हात ती जिन्याच्या सावलीत वाटी घेऊन बसलेली मी पाहिलीय, गाऊनवर सत्त्व वाळून कडक झालेलं, पोराच्या मानेत भात चिकटलेला, तिच्या स्वतःच्या पोटात सकाळच्या चहानंतर काही नाही. एवढा एकच घास, हा शेवटचा, हा काऊचा, हा आबांचा. शेवटचा कधी नसायचाच.

रात्री तो झोपेत असताना दूध पाजायची. झोपेत भांडण नाही. दिवसा खात नाही म्हणून रात्री दूध, रात्री दूध म्हणून सकाळी भूक नाही, हे कळायला वेळ लागला. नुसत्या दुधावर राहिलेल्या पोराच्या अंगातलं लोह कमी होतं आणि लोह कमी झालं की भूकच मरते हे तर रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

दरम्यान येणारे-जाणारे होतेच. वजनाचा तक्ता हा प्रकार कुणी काढला माहीत नाही, काढणाऱ्याचा हेतू चांगलाच, अंगणवाडीत कितीतरी पोरं त्याच्यामुळे वेळेवर लक्षात येतात. पण घरी तो तक्ता फ्रिजवर लागला की त्याचं प्रगतिपुस्तक होतं, आणि ते पोराचं नसतं. हिरव्या पट्ट्यातला ठिपका पिवळ्याकडे सरकला की नणंद विचारणार, सासूची बहीण विचारणार, खाली इस्त्रीवाला पण विचारणार, पोरगं वाळायलंय की ओ. खरं तर गणित साधं आहे. तीन किलोने जन्मलेलं पोर वर्षात नऊ किलोचं होतं, तिप्पट. दुसऱ्या वर्षी पण त्याच दराने वाढलं तर सत्तावीस किलोचं होईल, तसं होत नाही, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. म्हणजे पहिला वाढदिवस झाला की भूक कमी होणं हे बहुतेक पोरांचं ठरलेलंच आहे. नेमकं त्याच वेळी आपण म्हणतो, आता मोठा झाला, आता जास्त खाल्लं पाहिजे.

बबड्याचं मात्र नुसतं तेवढंच नव्हतं. डॉक्टरांनी धाकटीला सरळ विचारलं होतं, जेवताना ठसका लागतो का, आवाज घरघरा होतो का, जेवण अर्ध्या तासाच्या वर लांबतं का, आधी खात होता ते पदार्थ एकेक करून सुटायलेत का, वजनाची रेघ खाली चाललीय का. त्यातल्या तीन गोष्टींना हो आलं. या सगळ्याला आता पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर असं नाव आहे, 2019 मध्ये वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची व्याख्या ठरवली, त्यात चार बाजू धरल्यात, शरीराचा आजार, पोषण, खाण्याचं कसब आणि चौथी मनाची आणि नात्याची. ती चौथी बाजू मला फार बरी वाटली. कारण तोवर आमच्याकडे दोनच पक्ष होते, पोरात काहीतरी खोट आहे नाहीतर आईला जमत नाही.

डॉक्टरांनी एका थेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं, मी सोबत गेले होते. छोटी खोली, जमिनीवर चटई, एक बुटकी खुर्ची. मॅडमनी बबड्याला आधी तपासलंच नाही. म्हणाल्या, डबा आणलाय ना, भरवा की नेहमीसारखं, मी बसते इथंच. धाकटीने डबा उघडला. त्या बसून नुसत्या बघत होत्या आणि त्यांच्यामुळे मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. चमचा अजून वीतभर लांब होता तेव्हाच बबड्याच्या पायाची बोटं आखडली. मग डोळे खिडकीकडे. मग पाठ ताठ. चमचा ओठाला टेकला तेव्हा तोंड उघडलं होतं ते धाकटीचं, तिच्या नकळत, आ. थोडंसं आत गेलं, बरंच बाहेर आलं, ते तिने चमच्याच्या कडेने हनुवटीवरून खरवडून परत तोंडात सारलं, आणि पहिलं गिळायच्या आत दुसरा चमचा तयार. दर वेळी रुमालाने तोंड पुसणं, घासून, आपण सगळेच पुसतो तसं. पाचेक मिनिटं झाल्यावर मॅडमनी विचारलं, त्याने किती वेळा नाही म्हटलं तुम्हाला. धाकटी म्हणाली, तो कुठं बोलतोय अजून. मॅडमनी एकेक सांगितलं, बोटं, डोळे, पाठ, मधे जांभई दिली ती, रुमाल आला तेव्हा खांदा वर केला तो. हे सगळं नाहीच होतं म्हणे.

धाकटी रडेल असं मला वाटलं. ती चिडली. मग काय उपाशी ठेवू का त्याला? मॅडम म्हणाल्या, उपाशी कुणीच ठेवायचं नाहीये, वजनाकडे मी आणि डॉक्टर बघतो, तुम्ही त्याच्याकडे बघा. त्या वाक्यावर धाकटीने वाटी खाली ठेवली. इतके महिने तिच्या हातात असलेलं काहीतरी कुणीतरी घेतलं असं मला वाटलं, वाटीपेक्षा बरंच जड.

नंतर मी रात्री बसून वाचत सुटले, मला सवयच आहे. आयरीन चॅटूर नावाच्या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी लहान बाळांच्या खाण्याच्या तक्रारींची वर्गवारी केली. काही पोरं खेळण्यात इतकी गुंततात की त्यांना भूक कळतच नाही, काहींना चव-वास-स्पर्श सोसत नाही, आणि काहींना नळी, उलटी, ठसका असलं काही होऊन गेल्यावर खाण्याचीच धास्ती बसते. आणि आई घाबरून जितकं सारते तितकं पोर मागे सरतं, की आई आणखी घाबरते, हा फेरा त्यांनी वारंवार मांडलाय. दुसऱ्या एलिन सॅटर, आहारतज्ज्ञ. त्यांनी कामाची वाटणी करून दिलीय. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून द्यायचं हे आईबापाने ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही हे पोराने. ऐकायला सोपं आहे. मी ते धाकटीच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना काकू म्हणतो, वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, आणि आम्ही काय मग नुसतं बघत बसायचं होय गं? प्रश्न अगदी बरोबर होता. बघत बसणंच तर सगळ्यात अवघड. काकूंनी पाच पोरं वाढवली, त्यांचा सगळा दरारा त्या एका गोष्टीवर, माझ्या हातून कुठलंबी पोर खातंय. तो हात मांडीवर ठेवून बसा म्हणायचं म्हणजे त्यांना घरातून निवृत्त करण्यासारखंच झालं.

त्या वाचनात मला सगळ्यात आवडली ती क्लारा डेव्हिसची गोष्ट. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञ, 1920 च्या दशकाच्या शेवटी तिने नुकती अंगावरची सुटलेली बाळं घेतली, 34 प्रकारचे साधे पदार्थ ठेवले, आणि नर्सना सांगितलं की चमचा हातात घेऊन गप बसायचं, बाळाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच द्यायचं, हे चांगलं खाल्लंस किंवा हे का नाही खाल्लंस काही म्हणायचं नाही. बाळं काय वाट्टेल ते खायची, एखाद्या दिवशी नुसती अंडी, कधी केळीच केळी, आणि तरी सगळी छान वाढली. एकाला आधीपासून मुडदूस होता, तो कॉड लिव्हर तेल स्वतःहून प्यायचा आणि बरा झाल्यावर प्यायचा थांबला. हे वाचून टाळ्या वाजवाव्या वाटतात, पण डेव्हिसबाईंनीच पुढे सांगून ठेवलंय की खरी मेख त्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. आपल्याकडे एका बाजूला भाकरी आणि दुसऱ्या बाजूला क्रीमची बिस्किटं ठेवून पोराला निवड म्हटलं तर काय होईल ते सांगायला प्रयोग नको.

आणि हेही खरं की हा सगळा मामला माझ्या डोळ्यासमोर येतो तो जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधला. पूर्व भागात, जिथे मी वाढले, तिथे हजार विड्यांमागे मजुरी मिळते, बाई सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसते, तंबाखूचा वास घरभर, तिला वाटी घेऊन गच्चीवर जायला वेळ कुठला. तिथलं पोर ताटात असेल ते उचलतं, थोरली बहीण भरवते, नाहीतर चहात बुडवलेल्या पावावर भागतं. तिथे वजन घटतं ते ताटातच कमी पडतं म्हणून. अशा घरात जाऊन पोराला ठरवू द्या म्हणणं म्हणजे चेष्टा. पण आमच्या आधीच्या शेजारणीचं एक पोर होतं, तेही गिळताना ठसकायचं, घास तोंडातच धरून ठेवायचं, सगळे म्हणायचे नाटकी आहे, चार ठेवून द्या की खाईल. त्याला काय होत होतं हे कुणी कधी बघितलंच नाही, ते हळू खाणारं म्हणूनच मोठं झालं. म्हणजे वाटीमागे धावणं हा पैसेवाल्यांचा लाड आणि गरिबाचं पोर निमूट खातं, ही वाटणी पण काही खरी नाही.

बबड्याचं हळूहळू बदललं, सरळ रेषेत नाही. दोन खाण्यांमध्ये तीन तास, मधे फक्त पाणी, रात्रीचं दूध बंद, त्या पहिल्या आठवड्यात घरात कुणीच झोपलं नाही. बसायचं ते सगळ्यांबरोबर, अर्ध्या तासाच्या आत ताट उचलायचं, खाल्लं तरी वा नाही, नाही खाल्लं तरी अरे देवा नाही. हे शेवटचं काकूंना जमायचं नाही, त्या तोंडाला पदर लावून बसायच्या. सुरुवातीला त्याच्यापुढे वरणाची वाटी ठेवायची आणि त्याने नुसता हात घालायचा, केसाला लावायचं, जमिनीला लावायचं. धाकटी रुमाल मांडीखाली दाबून बसायची, हात जातोच म्हणून. लोहाचे थेंब मात्र द्यावेच लागायचे आणि त्यावरून दर सकाळी रामायण, तिथे वाटणी वगैरे काही चालली नाही.

आणि मग त्याने जे पहिलं स्वतःहून उचलून खाल्लं ते ऐकून मॅडमही हसल्या. सगळे त्याला मऊ, मऊ, अजून मऊ देत होते. काकूंच्या ताटात कडक भाकरी होती, आपली नेहमीची, ज्वारीची, वाळवून पापडासारखी कुरकुरीत केलेली. त्याने हात लांब करून तिचा तुकडा मोडला, आधी जमिनीवर आपटून आवाज ऐकला आणि मग दाताखाली धरला. कट्ट. गिळगिळीत, तोंडात काय येईल सांगता न येणाऱ्या गोष्टीपेक्षा कोरडी, दर वेळी तशीच वाजणारी गोष्ट अशा काही पोरांना जवळची वाटते, मॅडमनी सांगितलं, फक्त शेजारी बसा, बसवूनच द्या आणि शेंगादाणे अख्खे देऊ नका, श्वासात अडकतात. काकूंना हे कळल्यावर त्यांचा गेलेला मान परत आला. आता भाकरी त्याच थापतात, पातळ, मुद्दाम जास्त वाळवतात, आणि गल्लीत सांगत फिरतात की आमच्या नातवाला डॉक्टरनी कडक भाकरी लिहून दिलीय. शेंगा चटणी अजून तो हुंगतो फक्त. ताकात बुडवलेला तुकडा मधे दोनदा खाल्ला, नंतर नाही. अनोळखी पदार्थ आठ-दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर पोर त्याला हात लावतं असं म्हणतात, तेव्हा चटणी रोज ताटाच्या कडेला चिमूटभर असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

लग्नातल्या त्या पोराला यातलं काहीच झालेलं नसेल. धडधाकट होतं, गालावर लाली. त्याने उघडलेलं तोंड बघून मला वाटलं ते इतकंच की हे पोट भरल्यावरही असंच उघडत राहील, आणि सगळे म्हणतील, किती गुणी आहे, दिलं ते खातं. आमच्या घरात अशी गुणी माणसं बरीच आहेत. मी स्वतः पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताला नको म्हणू शकत नाही, पोट तुडुंब असलं तरी, वाढणारीच्या चेहऱ्याकडे बघून खाते.

येत्या सोमवारी बबड्याचं वजन आहे. काकूंनी काल धाकटीला सांगितलं, निघायच्या आधी तांब्याभर दूध पाजून न्या, काटा तरी वर सरकंल. धाकटी वैतागून म्हणाली, मग चड्डी पण जाड घाला की. काकूंनी ते खरंच मनावर घेतलंय, कपाटातून त्याची जीन्सची पँट काढून उशाला ठेवलीय.